सोसायटीची हिशेबतपासणी आणि तिचा पुरावा

खरिपाच्या कर्जवाटपाची धांदल संपून पेरण्या उरकल्या म्हणजे गांवोगांवच्या विविध कार्यकारी सहकारी सोसायट्यांच्या वार्षिक सभांचे दिवस येतात. महाराष्ट्रांतील कायद्याप्रमाणें ही सभा ३० सप्टेंबरपर्यंत भरवावी लागते. तिच्या विषयपत्रिकेंत हिशेबतपासणीचा अहवाल हा एक विषय असतो, आणि पुष्कळ ठिकाणीं तो ‘वाचला असें समजून’ मंजूर होतो. जो शेतकरी बैल घेतांना त्याचे दांत पाहतो, घरचें बी पेरण्यापूर्वीं त्यांतील शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून त्यांची उगवण पाहतो, तोच सभासद आपल्या संस्थेचा अहवाल न उघडतां हात वर करतो. ह्यास त्याचा आळस कारण आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. तपासनीस नेमकें काय करतो, कशाच्या आधारावर करतो, आणि त्याच्या सहीस किती वजन द्यावयाचें, हें त्यास कोणी समजावून सांगितलेलें नसतें. तें सांगण्याचा यत्न ह्या लेखांत केला आहे.

आरंभीं कायद्याचें थोडें सांगणें जरूर आहे. सहकारी संस्थांच्या १९१२ सालच्या कायद्यानें प्रत्येक संस्थेचे हिशेब दरसाल एकदां तरी तपासवून घेण्याची जबाबदारी निबंधकावर टाकली, आणि थकलेल्या कर्जांची छाननी व येण्यादेण्याचें मूल्यमापन हीं त्या तपासणीचीं अंगें ठरविलीं. पुढें १९२५ सालीं मुंबई इलाख्याचा स्वतंत्र कायदा झाला, आणि त्यानंतर १९६० सालचा महाराष्ट्राचा कायदा २६ जानेवारी १९६२ पासून अमलांत आला. ह्या कायद्याचें कलम ८१ हें हिशेबतपासणीचें कलम होय. २०१३ सालीं त्यांत मोठा फेरफार होऊन, मान्य नामिकेंतील तपासनीस नेमण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेकडे आला. म्हणजे तपासनीस हा वरून पाठविलेला पाहुणा नसून सभासदांनीं स्वतः नेमलेला माणूस आहे. आपण नेमलेल्या माणसाचें काम कसें चालतें, हें जाणून घेणें हें नेमणाऱ्याचें कर्तव्यच आहे.

तपासणीचा हेतु

तपासनिसाचें काम चोर पकडण्याचें, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. ताळेबंद आणि नफातोटापत्रक हीं संस्थेची खरी व वाजवी स्थिति दाखवितात कीं नाहीं, ह्यावर पुराव्यानिशीं मत देणें हें त्याचें मुख्य काम होय. परंतु ‘ताळेबंद खरा आहे काय’ हा प्रश्न इतका मोठा आहे कीं, त्यास एकदम उत्तर देतां येत नाहीं. म्हणून तो ताळेबंदांतील प्रत्येक रकमेस लहान लहान प्रश्न विचारतो.

उदाहरणादाखल ‘सभासदांकडील येणें कर्ज’ ह्या सदरीं दोन कोटी चाळीस लाख रुपये दाखविले आहेत, असें समजूं. पहिला प्रश्न अस्तित्वाचा : हे कर्जदार खरोखर आहेत काय, आणि त्यांनीं ही रक्कम खरोखर उचलली काय? दुसरा पूर्णतेचा : जें जें घडलें तें सर्व वहींत आलें काय, कीं एखादी वसुली बाहेरच राहिली? तिसरा हक्काचा : हें येणें कायद्यानें वसूल करतां येईल असे कर्जरोखे, जामीनदार व तारण संस्थेजवळ आहेत काय? चौथा मोलाचा : दोन कोटी चाळीस लाखांपैकीं किती पैसा परत येण्याजोगा आहे, आणि बुडीताची तरतूद पुरेशी केली आहे काय? पांचवा काळाचा : ३१ मार्चची म्हणून दाखविलेली वसुली खरोखर त्या दिवसापर्यंत आली, कीं एप्रिलांतील पैसा मागील तारखेस ओढला? सहावा मांडणीचा : थकलेलें कर्ज आणि चालू कर्ज निरनिराळें दाखविलें आहे, कीं एका ओळींत मिसळून टाकलें आहे?

हे सहा प्रश्न म्हणजे तपासणीचीं उद्दिष्टें. हे एकमेकांहून भिन्न आहेत. एकाचें उत्तर मिळालें म्हणून दुसऱ्याचें मिळत नाहीं. कर्जरोख्यावर सही खरी आहे, म्हणून कर्ज वसूल होईल असें ठरत नाहीं. गोदामांत खताचीं पोतीं आहेत, म्हणून तीं संस्थेचींच आहेत, असेंहि ठरत नाहीं. तीं खतकंपनीनें विक्रीसाठीं ठेवलेलीं असूं शकतात.

तपासणीच्या दोन दिशा

ह्यांपैकीं अस्तित्व आणि पूर्णता हे दोन प्रश्न सभासदाच्या फार जिव्हाळ्याचे आहेत, आणि ते तपासण्याच्या दिशा उलटसुलट आहेत. अस्तित्व पाहावयाचें तर वहीकडून वस्तूकडे जावें लागतें : कीर्दींतील नोंद घ्यावी, तिचें व्हाउचर पाहावें, कर्जरोखा पाहावा, कर्जदारास विचारावें. पूर्णता पाहावयाची तर वस्तूकडून वहीकडे यावें लागतें : पावतीपुस्तकांतील स्थळप्रती क्रमाने घ्याव्या आणि प्रत्येक पावतीची रक्कम कीर्दीस आली कीं नाहीं, हें पाहावें. जी रक्कम वहींत नाहींच, ती वही कितीहि चाळली तरी सांपडणार नाहीं. पिकांतील तण रानांत उभें राहून दिसतें. परंतु जें बी उगवलेंच नाहीं, तें ओळींतील रिकाम्या जागा मोजूनच कळतें.

ह्याचें मोठें उदाहरण शेतकऱ्यांच्याच कर्जांतून घेतां येतें. २००८ सालीं केंद्रसरकारनें शेतीकर्जमाफीची योजना काढली. ३१ मार्च २००७ पर्यंत वाटलेलें, ३१ डिसेंबर २००७ रोजीं थकलेलें आणि २९ फेब्रुवारी २००८ पर्यंत न फिटलेलें कर्ज तिच्या कक्षेंत आलें. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीं पुढें ह्या योजनेची तपासणी केली आणि २०१३ च्या मार्च महिन्यांत तिचा अहवाल संसदेपुढें आला. २५ राज्यांतील ९२ जिल्ह्यांत, पैसा देणाऱ्या संस्थांच्या ७१५ शाखांतून ९०,५७६ खातीं तपासण्यांत आलीं, आणि त्यांपैकीं शेंकडा २२ हून अधिक प्रकरणांत चुका अगर त्रुटी आढळल्या.

ह्या तपासणीच्या दोन दिशा पाहण्यासारख्या आहेत. ज्यांना माफी मिळाली अशीं ८०,२९९ खातीं तपासलीं, तेव्हां शेंकडा साडेआठ प्रकरणांत माफी घेणारे अपात्र निघाले. हा अस्तित्वाचा प्रश्न झाला. तपासनीस तेवढ्यावर थांबले असते, तर ‘अपात्रांनीं पैसा नेला’ इतकेंच जगास कळलें असतें. परंतु त्यांनीं उलट दिशेनेंहि काम केलें. माफीच्या यादींत नसलेलीं ९,३३४ खातीं नऊ राज्यांत काढून पाहिलीं. त्यांत १,२५७ खातीं, म्हणजे शेंकडा सुमारे साडेतेरा, पात्र असूनहि वगळलेलीं आढळलीं. हे शेतकरी कोणत्याच यादींत नव्हते. यादी तपासून ते कोणासहि दिसले नसते.

त्याच अहवालांत आणखी एक गोष्ट नमूद आहे. ६१,७९३ खात्यांपैकीं २१,१८२ खात्यांत माफीचा दाखला शेतकऱ्यास दिल्याची पोंच अगर दुसरा कोणताहि पुरावा नव्हता. दाखला कदाचित् दिलाहि असेल. परंतु तपासणीच्या शास्त्रांत ‘दिला असेल’ ह्यास किंमत नाहीं. ज्याच्या हातीं दाखला नव्हता, त्या शेतकऱ्यास आपलें जुनें खातें मिटलें हें दुसऱ्या कर्जाच्या वेळीं कशानें दाखवितां आलें असतें?

पुराव्याची प्रतवारी

बाजारसमितींत धान्याची प्रतवारी होते, तशी तपासनिसासहि पुराव्याची प्रतवारी करावी लागते. भारतीय सनदी लेखापाल संस्थेनें, जी १९४९ सालीं कायद्यानें स्थापन झाली, हिशेबतपासणीचीं मानकें घालून दिलीं आहेत. त्यांतील ५०० क्रमांकाचें मानक पुराव्यासंबंधीं आहे. पुरावा पुरेसा असावा आणि योग्य असावा, हें त्याचें सार होय. पुरेसा म्हणजे परिमाणानें, योग्य म्हणजे गुणानें. हलक्या पुराव्याच्या ढिगानें चांगल्या पुराव्याची जागा भरून निघत नाहीं.

सर्वांत वरची प्रत तपासनिसानें स्वतः मिळविलेल्या पुराव्याची : त्यानें स्वतः मोजलेली रोकड, स्वतः पाहिलेलीं पोतीं, स्वतः पुन्हां केलेली व्याजाची आकारणी. दुसरी प्रत बाहेरच्या त्रयस्थाकडून परस्पर आलेल्या लेखी उत्तराची. जसें जिल्हा मध्यवर्ती बँकेनें शिलकेचा दाखला थेट तपासनिसाकडे धाडणें. तोच दाखला सचिवाच्या हातून आला, तर त्याची प्रत एका पायरीनें उतरते, कारण वाटेंत तो कोणाच्या हातीं होता हें आतां विचारावें लागतें. त्याखालीं संस्थेनें स्वतः तयार केलेले कागद येतात : कीर्द, खतावणी, साठापुस्तक, याद्या. संस्थेंत कामाची वांटणी चांगली असेल, म्हणजे पैसे घेणारा एक, लिहिणारा दुसरा व पडताळणारा तिसरा असेल, तर ह्या कागदांचेंहि वजन वाढतें; एकच माणूस तिन्ही कामें करीत असेल तर तें घटतें. सर्वांत खालीं तोंडी खुलासा. तो ऐकावा, लिहून ठेवावा, आणि दुसऱ्या पुराव्यानें पडताळावा. मूळ कागद नकलेपेक्षां वरचा, हें तर सांगावयास नकोच.

ही प्रतवारी कोणी बसल्या बैठकीस रचलेली नाहीं; ती ठेचा खाऊन शिकलेली आहे. १८९६ सालीं इंग्लंडांत किंग्स्टन कॉटन मिलचा खटला झाला. त्या गिरणीच्या व्यवस्थापकानें मालाचा साठा वर्षानुवर्षें फुगवून दाखविला होता, आणि तपासनिसांनीं त्याच्याच दाखल्यावर विसंबून ताळेबंदावर सह्या केल्या होत्या. विश्वासू म्हणून समजल्या जाणाऱ्या माणसाच्या शब्दावर विसंबणें हा तपासनिसाचा दोष नव्हे, असें त्या वेळीं न्यायालयानें ठरविलें. पुढें १९३८ सालीं अमेरिकेंत मॅकेसन अँड रॉबिन्स ह्या औषधांच्या मोठ्या कंपनीच्या हिशेबांत गोदामांतील माल आणि गिऱ्हाइकांकडील येणें हीं कोट्यवधि डॉलरांनीं बनावट निघालीं. कागद सारे होते, माल नव्हता. त्यानंतर तेथील लेखापालांच्या संस्थेनें १९३९ सालीं साठ्याची मोजणी समक्ष पाहणें आणि येण्याविषयीं ऋणकोंस परस्पर पत्र लिहिणें हा नेहमींचा रिवाज ठरविला.

माल समक्ष पाहणें हेंहि मात्र डोळसपणें करावें लागतें. १९६३ सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत सोयाबीन तेलाच्या टाक्यांच्या वखारपावत्यांवर मोठमोठीं कर्जें उचललीं गेलीं. पाहणारे टाकीवर चढत, आंत पाहत, आणि त्यांना तेल दिसे. टाक्यांत बहुतांशीं पाणी भरलेलें होतें. वर तेलाचा थर तरंगत होता. गोदामांत पोत्यांची थप्पी पुढून पाहून मागें पोकळी आहे कीं नाहीं हें न पाहणाऱ्यानें हें उदाहरण ध्यानांत ठेवावें. आणि आपल्याच देशांत ७ जानेवारी २००९ रोजीं सत्यम ह्या संगणक कंपनीच्या अध्यक्षानें कबूल केलें कीं, ताळेबंदांतील रोख व बँकशिलकेंपैकीं सुमारे ५,०४० कोटी रुपये अस्तित्वांतच नव्हते. बँकेचे म्हणून दाखविलेले कागद खोटे होते. बँकेकडून दाखला थेट मागवावा, ही साधी गोष्ट किती मोलाची आहे, हें ह्यावरून दिसून येईल.

तपासणीची आखणी

सर्व नोंदी तपासण्यास वेळ नसतो आणि पैसाहि नसतो; तपासणीचा खर्च शेवटीं सभासदांवरच पडतो. म्हणून कामास हात घालण्यापूर्वीं तपासनिसास आखणी करावी लागते. शेतकरी ज्याप्रमाणें मशागतीपूर्वीं कोणत्या शेतांत पाणी तुंबतें आणि कोणत्या बांधावर उंदीर असतात हें मनांत आणतो, त्याप्रमाणें तपासनीस संस्थेंत धोका कोठें आहे हें प्रथम हेरतो. मागील वर्षाचा अहवाल आणि कलम ८२ अन्वयें संस्थेनें दिलेला दोषदुरुस्तीचा अहवाल तो शेजारीं शेजारीं ठेवतो. जो दोष तीन वर्षें ‘दुरुस्त करीत आहोंत’ ह्या शब्दांत चालत आला, तेथें प्रथम जातो. संचालक मंडळाचें इतिवृत्त वाचतो. सचिव किती वर्षांचा आहे, रजेवर कधीं गेला होता कीं नाहीं, त्याच्या गैरहजेरींत काम कोण करतें, हेंहि विचारतो. कारण जो कारकून एक दिवसहि खुर्ची सोडीत नाहीं, तो नेहमींच निष्ठेमुळें सोडीत नाहीं, असें नाहीं.

कर्जसोसायटींत धोक्याच्या जागा बहुधा ठरलेल्या असतात. पहिली, मार्चअखेर. त्या महिन्यांत वसुलीचा आंकडा चांगला दाखविण्यासाठीं कर्जाचें नवें-जुनें होतें : जुनें कर्ज फिटल्याचें जमाखर्चानें दाखवावयाचें आणि त्याच दिवशीं अगर थोड्या दिवसांनीं तितकेंच नवें कर्ज त्याच नांवावर लिहावयाचें, पैसा एक रुपयाहि हलत नाहीं. असें कर्ज कागदावर कधींच थकलेलें दिसत नाहीं. त्यांत संस्थेची थकबाकी झांकली जाते हें तर खरेंच. परंतु थकलेल्या तारखेवर हक्क ठरविणारी एखादी योजना निघाली, तर सभासदासहि आपलें कर्ज त्या तारखेस थकलें होतें हें सिद्ध करणें अवघड जातें. दुसरी जागा, सचिवाच्या हातावरची रोकड : वसूल केलेला पैसा बँकेंत किती दिवसांनीं भरला गेला. तिसरी, मयत आणि परगांवीं गेलेल्या सभासदांचीं खातीं. चौथी, खताबियाण्याचा साठा व उधारीची विक्री. पांचवी, थकलेल्या कर्जावर आकारलेलें पण न आलेलें व्याज, ज्यामुळें नफा नसतांना नफा दिसतो.

धोका ठरल्यावर तपासनीस महत्त्वाची मर्यादा ठरवितो. पन्नास रुपयांच्या टपालखर्चाचें व्हाउचर हरवलें, तर ताळेबंदाचा अर्थ बदलत नाहीं; पांच लाखांची वसुली हरवली तर बदलतो. परंतु रक्कम लहान असूनहि बुद्धिपुरःसर खाडाखोड केलेली असेल, तर तिला लहान समजूं नये. एका ठिकाणीं शाई बदलली असेल, तर दुसऱ्या ठिकाणींहि पाहावें लागतें.

नमुना कसा काढावा

समजा, संस्थेचे कर्जदार ६४० आहेत आणि येणें दोन कोटी चाळीस लाख आहे. त्यांपैकीं ४० मोठ्या खात्यांवर मिळून नव्वद लाख आहेत. हीं चाळीसहि खातीं तपासावीं. उरलेल्या ६०० खात्यांवर दीड कोट आहे. त्यांतून चिठ्ठी टाकून पहिला क्रमांक काढावा आणि पुढें दर पंधरावें खातें घ्यावें. म्हणजे आणखी ४० खातीं होतात. नमुना कोणता निघणार हें सचिवास आगाऊ कळूं नये, आणि त्याच्या सोयीचीं खातीं तर मुळींच घेऊं नयेत.

ह्या ४० खात्यांत तीन ठिकाणीं फरक निघाला, तर ‘तीनच चुका’ असें म्हणून चालणार नाहीं. चाळिसांत तीन म्हणजे शेंकडा साडेसात. त्या मानानें सहाशांत सुमारें पंचेचाळीस खात्यांवर फरक असण्याचा संभव आहे. त्या तीन दुरुस्त करून घेणें म्हणजे तपासणी नव्हे. फरक कां पडला, हें शोधणें आणि जरूर तर नमुना वाढविणें, हें तपासनिसाचें काम आहे. सभेंत सचिवानें ‘फक्त तीन खात्यांत फरक होता, तो मिटविला’ असें सांगितलें, तर सभासदानें एवढेंच विचारावें : किती खात्यांपैकीं तीन?

मौनाचा अर्थ

आतां ज्या एका पुराव्याची किल्ली केवळ सभासदाच्या हातीं आहे, त्याविषयीं. तपासनीस निवडक सभासदांस बाकी पडताळणीचीं पत्रें धाडतो : ‘संस्थेच्या पुस्तकाप्रमाणें ३१ मार्च अखेर आपल्याकडे इतकी बाकी आहे, ती बरोबर आहे काय?’ ह्या पत्रांचे दोन प्रकार आहेत. एकांत होकार असो वा नकार, उत्तर मागितलेलें असतें. दुसऱ्यांत बाकी कबूल नसेल तरच कळवावें, असें लिहिलेलें असतें; उत्तर न आल्यास बाकी कबूल आहे असें धरण्यांत येतें. दुसऱ्या प्रकारचा पुरावा पहिल्यापेक्षां दुबळा आहे, हें मानकेंहि मान्य करतात. कारण मौन हें संमतीचें असतें तसें निष्काळजीपणाचेंहि असतें, आणि पत्र पोंचलेंच नाहीं, असेंहि असूं शकतें.

पुष्कळ सभासद हें पत्र फळीवर टाकून देतात. त्यांत तोटा कोणाचा? ज्यानें जानेवारींत वीस हजार भरले व ज्याची पावती घरांत आहे, पण वहींत तो भरणा नाहीं, त्याची बाकी वीस हजारांनीं अधिक दिसते. तपासनिसाजवळ कीर्द आहे, खतावणी आहे, सचिवाचा खुलासा आहे. नाहीं ती फक्त सभासदाच्या पेटींतील पावती. पावतीपुस्तकच दडविलेलें असेल, तर त्या एका चिटोऱ्यावांचून सत्याकडे जाण्याचा दुसरा रस्ता बहुधा उरत नाहीं. त्याचप्रमाणें ज्यानें कर्ज उचललेंच नाहीं आणि ज्याच्या नांवावर कर्ज लिहिलें गेलें आहे, त्याचें ‘मीं हें कर्ज घेतलेलें नाहीं’ हें एक ओळीचें उत्तर दहा व्हाउचरांहून अधिक मोलाचें आहे. उत्तर मात्र थेट तपासनिसाच्या पत्त्यावर धाडावें. सोसायटीच्या कचेरींत देऊं नये. कां, तें वर पुराव्याच्या प्रतवारींत आलेंच आहे.

यंत्रांतील हिशेब

२९ जून २०२२ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें देशांतील ६३,००० प्राथमिक शेतीपतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ह्यामुळें बेरजांच्या चुका जातील, व्याजाची आकारणी एकसारखी होईल आणि बँकेशीं मेळ घालणें सोपें होईल, हें खरें. परंतु यंत्रांतून निघालेला छापील कागद हा संस्थेनें स्वतः तयार केलेलाच पुरावा आहे. अक्षर सुबक झालें म्हणून त्याची प्रत चढत नाहीं. खोटी नोंद यंत्रांत घातली तर ती खोटीच बाहेर येते. म्हणून तपासनीस आतां निराळे प्रश्न विचारतो : नोंद करण्याचा परवलीचा शब्द किती जणांस ठाऊक आहे? नोंद बदलली तर कोणी, केव्हां बदलली, ह्याची खूण यंत्रांत राहते काय? जुन्या वहींतील बाक्या यंत्रांत घेतांना खातेवार मेळ घातला होता काय? ह्यांतील शेवटचा प्रश्न सभासदानेंहि विचारावा. वही बदलतांना घुसलेली चूक पुढें वर्षानुवर्षें ‘आरंभीची शिल्लक’ म्हणून वाहत जाते.

तपासणीची मर्यादा

इतकें करूनहि तपासणी ही हमी नव्हे. ती वाजवी खात्री देते, संपूर्ण खात्री देत नाहीं. नमुन्यांत न आलेलें खातें खोटें असूं शकतें. दोघेतिघे संगनमतानें वागले तर कांहीं काळ फसवूंहि शकतात. संस्थेस ‘अ’ वर्ग मिळाला, ह्याचा अर्थ तींत दोष नाहीं असा होत नाहीं, आणि ‘क’ वर्ग मिळाला म्हणून कोणी पैसे खाल्ले असेंहि होत नाहीं. पैशाचा अपहार आढळला तर निबंधकाकडे खास अहवाल करणें तपासनिसावर कायद्यानें बंधनकारक आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत राजाच्या अधिकाऱ्यांनीं धन अपहरण्याचे चाळीस प्रकार मोजले आहेत. तेव्हांपासून प्रकार वाढलेच असतील. म्हणून तपासनिसास बोल लावण्यापूर्वीं आपण त्यास पुरावा दिला कीं नाहीं, हें सभासदानें स्वतःस विचारावें.

सभासदांनीं काय करावें

पैसा भरतांना छापील क्रमांकाची पावती घेतल्यावांचून खिडकी सोडूं नये, आणि पासबुकांत नोंद करून घ्यावी. पावत्या कर्ज फिटल्यावरहि ठेवाव्या; बेबाकीचा दाखला लेखी घ्यावा, आणि सातबाऱ्यावरील बोजा उतरला कीं नाहीं हें स्वतः पाहावें. बाकी पडताळणीचें पत्र आल्यास बाकी बरोबर असली तरी उत्तर द्यावें. कायद्याच्या कलम ३२ प्रमाणें मागील तपासलेला ताळेबंद, नफातोटापत्रक, सर्वसाधारण सभेचें इतिवृत्त आणि आपल्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी कचेरीच्या वेळांत विनामूल्य पाहण्याचा सभासदास हक्क आहे. तो सभेपूर्वीं बजावावा. बापाच्या अगर चुलत्याच्या नांवचें जुनें खातें असेल, तर तेंहि पाहून घ्यावें.

आणि सभेंत अहवालाचा विषय निघाला म्हणजे हे पांच प्रश्न कोणीतरी उभें राहून विचारावे. रोकड व साठा तपासनिसानें स्वतः मोजला काय, आणि कोणत्या दिवशीं? बँकेचा दाखला त्याच्याकडे थेट आला काय? किती सभासदांस पडताळणीचीं पत्रें गेलीं, आणि किती उत्तरें आलीं? मार्चमध्यें फिटलेल्या कर्जांपैकीं किती त्याच नांवावर एप्रिल-मे महिन्यांत पुन्हां दिलीं गेलीं? मागील अहवालांतील दोषांपैकीं कोणते अजून उभे आहेत? ह्यांस शिक्षणाची मोठी जरूर नाहीं, भांडणाची तर नाहींच. चांगल्या सचिवास हे प्रश्न आवडतील, कारण त्याच्या सचोटीस त्यांनीं साक्षीदार मिळतो. ज्या संस्थेंत हे प्रश्न दरसाल विचारले जातात, तेथें तपासनीसहि ते विचारले जाणार हें जाणून काम करतो, आणि सभासदाचा हात वर जातो तो अहवाल वाचून जातो.